गाडी विकणे आहे. पण रस्ता कोणाचा?

आपल्या कोणत्याही शहरात जामा मस्जिदीपासून स्टेशनच्या रस्त्याने चालत निघा. फूटपाथला लागून मोटारसायकली ओळीने उभ्या दिसतील. टाक्या पुसून चकचकीत केलेल्या, टायर काळ्या पॉलिशने माखलेले. पुढे एखादी जुनी मारुती, एखादा छोटा टेम्पो. काचेवर पांढऱ्या रंगात लिहिलेले असते, "विकणे आहे", आणि खाली मोबाईल नंबर. झाडाखाली खुर्ची टाकून एक तरुण बसलेला असतो. हेच त्याचे दुकान, हेच त्याचे गोदाम आणि हेच त्याचे ऑफिस.

जुन्या गाड्यांच्या या धंद्यात आणि त्याच्या भोवती जगणाऱ्या कामांत, म्हणजे फिटर, डेंटर, पेंटर, बॅटरीवाले, सीटकव्हर शिवणारे यांत, आपल्या समाजातील माणसे मोठ्या संख्येने आहेत. मुंबईत कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड किंवा पुण्यातील नाना पेठ पाहिली तर हे वेगळे सांगावे लागत नाही. भांडवल थोडे, शिक्षण बेताचे, पण हातात हुन्नर. अशा मुलाला हा धंदा लवकर उभे करतो. त्यामुळे रस्त्यावर गाडी मांडण्याबाबत कायदा काय म्हणतो, हा प्रश्न आपल्या पानावर यावयास हवा असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते. आमचा स्वतःचा व्यवसाय कापडाचा. मग आम्ही या विषयात का शिरलो, ते आधी सांगतो.

एका सकाळची गोष्ट

आमच्या दुकानासमोरच्या रस्त्यावर एक तरुण जुन्या मोटारसायकलींचा व्यवहार करतो. सुरुवातीला दोन गाड्या होत्या. वर्षभरात अकरा झाल्या. आमच्या दुकानात येणाऱ्या बायाबापड्यांना दोन हँडलांच्या मधून वाट काढावी लागे. एकदा एका म्हाताऱ्या बाईंचा बुरखा सायलेन्सरच्या गार्डमध्ये अडकून फाटला. आम्ही त्यास म्हणालो, "बेटा, जरा मागे घे." तो म्हणाला, "चाचा, मागे भिंत आहे, पुढे रस्ता आहे. मी जाऊ कुठे?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आमची अडचणही खोटी नव्हती. बाजारातील कोणीतरी पालिकेत तक्रारअर्ज दिला. तो आम्ही दिलेला नव्हता. पण त्या तरुणाला बरेच दिवस तसा संशय होता, आणि आम्हीही मनातून त्या अर्जावर नाराज नव्हतो, हे कबूल केले पाहिजे.

एके दिवशी सकाळी साडेदहाला अतिक्रमण विभागाची गाडी आली. अकरापैकी आठ मोटारसायकली उचलून गाडीत टाकल्या. तीन तेवढ्या वेळात पोरांनी गल्लीत ढकलल्या. हे सर्व आम्ही ओट्यावर उभे राहून पाहत होतो. इतक्यात पथकातील माणूस आमच्याकडे वळला. आमच्या दुकानाबाहेर फूटपाथवर एक लाकडी फळी होती. तिच्यावर कटपीसचे गठ्ठे आणि लटकवलेले ड्रेस मटेरियल होते. त्याने फळी उचलली, गठ्ठे उचलले आणि तेही त्याच गाडीत गेले. आम्ही म्हणालो, "अहो, आमचे दुकान आहे हे. परवाना आहे." तो म्हणाला, "दुकान आत आहे, सेठ. हे बाहेर आहे."

त्या दिवशी आम्हांस समजले की ज्या कलमाने त्याच्या मोटारसायकली गेल्या त्याच कलमाने आमचे कटपीस गेले. पंचवीस वर्षे आम्ही त्या फळीकडे आपला हक म्हणून पाहत होतो.

नोटीस काय म्हणते?

दंड भरून माल सोडवताना आमच्या हाती जो कागद आला तो शासकीय मराठीत होता. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. व्यवहाराची मराठी आम्ही बाजारात शिकलो. पण 'निष्कासन', 'सार्वजनिक मार्ग', 'विनापरवाना अतिक्रमण' असल्या शब्दांशी आमची ओळख नव्हती. आपल्या वाचकांपैकी अनेकांची स्थिती हीच असणार. नोटीस वाचता येत नाही म्हणून माणूस एजंटाकडे जातो, आणि एजंट दंडाच्या दुप्पट घेतो. म्हणून आम्ही एका वकील मित्राबरोबर बसून ही कलमे समजून घेतली. जे समजले ते येथे देत आहोत.

पहिली गोष्ट ही की रस्त्यावर एकच कायदा चालत नाही. एकाच मोटारसायकलवर तीन खात्यांचा हात पडू शकतो: महानगरपालिका, पोलीस आणि आर.टी.ओ. तिघांचे प्रश्न वेगळे. पालिका विचारते, जागा कोणाची? पोलीस विचारतो, वाट अडली का? आर.टी.ओ. विचारते, गाडी कोणाच्या नावावर? आपला माणूस एका खात्याला समजावून घरी येतो आणि दुसरे खाते दारात उभे राहते, ते यामुळे.

पालिकेचा हात

मुंबईसाठी १८८८ चा महापालिका कायदा आहे. राज्यातील इतर महानगरपालिकांसाठी १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम आहे. १९४९ च्या कायद्यातील कलम २३० प्रमाणे आयुक्तांच्या परवानगीशिवाय रस्त्यावर अडथळा किंवा अतिक्रमण होईल अशा रीतीने स्टॉल, खुर्ची, बाक, पेटी, शिडी, मालाची गाठ, फळी अथवा इतर कोणतीही वस्तू ठेवता येत नाही. कलम २३१ त्याहून कडक आहे. अशी वस्तू, तसेच रस्त्यावर विकावयास मांडलेला माल, नोटीस न देता उचलण्याचा अधिकार ते आयुक्तांना देते. मुंबईच्या कायद्यात हीच व्यवस्था कलम ३१३ आणि ३१४ मध्ये आहे.

कापडवाल्यांनी येथे थांबून पाहावे. कायद्याने 'गाठ' आणि 'फळी' हे शब्द नाव घेऊन लिहिले आहेत. मोटारसायकलचे नाव त्या यादीत नाही. ती 'इतर कोणतीही वस्तू' या शब्दांत येते. म्हणजे या कलमाखाली त्या तरुणापेक्षा आमचा गुन्हा अधिक स्पष्ट लिहिलेला आहे.

"नोटीस न देता" हे शब्दही लक्षात ठेवावेत. पुष्कळ लोक पथकाशी हुज्जत घालतात की आम्हांला आधी नोटीस का दिली नाही. घर पाडावयाचे असेल तर तो प्रश्न रास्त आहे. रस्त्यावर मांडलेल्या मालाबाबत तो प्रश्न सहसा टिकत नाही. हुज्जतीत वेळ घालवण्यापेक्षा जप्तीची यादी मागावी. कोणती गाडी, नंबर काय, आरसा फुटला होता की नाही, बॅटरी होती की नाही, हे सर्व तेथल्या तेथे लिहून घ्यावे आणि मोबाईलवर फोटो काढावेत. आमच्या शेजारच्या तरुणाच्या आठपैकी दोन गाड्या बॅटरीशिवाय परत आल्या. यादी नव्हती, त्यामुळे कोणाला विचारणार?

पोलिसांचा हात

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम १०२ रस्त्यावर अडथळा करण्यास मनाई करते. वाहन उभे करून ठेवणे, रस्त्याचा भाग वाहनांचा तळ म्हणून वापरणे, माल वाजवीपेक्षा अधिक वेळ ठेवणे, नियमाविरुद्ध विक्रीस माल मांडणे, हे सर्व त्यात आले आहे. याशिवाय भारतीय न्याय संहितेचे कलम २८५ आहे. सार्वजनिक वाटेवर धोका किंवा अडथळा निर्माण केल्यास पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २८३ होते आणि दंड फक्त दोनशे रुपयांपर्यंत होता. जुने लोक अजून "दोनशे भरून सुटू" असे म्हणतात. तो काळ गेला.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका किंवा अडचण होईल अशी गाडी सार्वजनिक जागी सोडता येत नाही. कलम १२७ प्रमाणे दहा तास किंवा अधिक वेळ बेवारस सोडलेली, अथवा मनाई असलेल्या जागी उभी केलेली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात, आणि टोइंगचा खर्च मालकावर पडतो. ज्या चुकीसाठी वेगळी शिक्षा सांगितलेली नाही तिला कलम १७७ लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तेथे पहिल्या वेळी पाचशे आणि पुढच्या प्रत्येक वेळी पंधराशे रुपयांपर्यंत दंड आहे.

येथे एक शंका येते. एखाद्याने स्वतःची एकच गाडी परवानगीच्या पार्किंगमध्ये उभी केली आणि काचेवर "विकणे आहे" लिहिले, तर तो गुन्हा आहे काय? वर दिलेल्या कलमांचा रोख पाटीवर नाही. तो अडथळ्यावर, अतिक्रमणावर आणि रस्त्याचे दुकान करण्यावर आहे. घरची गाडी विकणारा आणि रोज अकरा गाड्या मांडणारा यांत फरक आहे, आणि तो फरक अधिकारीही जाणतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर हा फरक कायद्यातच लिहिला आहे. तेथील २००५ च्या स्वच्छ परिसर कायद्यातील कलम ३ प्रमाणे पाचशे मीटरच्या आत दोन किंवा अधिक गाड्या रस्त्यावर विक्रीसाठी ठेवणे हा गुन्हा आहे; मात्र आपण हे धंदा म्हणून करत नाही असे ठेवणाऱ्याने सिद्ध केले तर तो सुटतो. लगेच पुढचे कलम ४ धंदा म्हणून रस्त्यावर गाड्या दुरुस्त करण्याविषयी आहे. आपल्याकडे इतकी स्पष्ट भाषा असती तर व्यापाऱ्याला काय चालते आणि काय चालत नाही हे आधीच कळले असते, आणि अधिकाऱ्याच्या मर्जीची गुंजाईश कमी झाली असती. आपल्या संघटनांनी ही मागणी करावयास हरकत नाही.

फेरीवाला कायदा कामास येतो काय?

आमच्या बाजारात एका कार्यकर्त्याने त्या तरुणाला सांगितले की २०१४ चा फेरीवाला कायदा तुझे रक्षण करील. यात अर्धे खरे आहे. १९८९ मध्ये सोदानसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्याच्या कडेला धंदा करणे हा घटनेच्या कलम १९ (१) (छ) खाली हक्क मानला. पण त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात आणि अमुकच जागा माझी असे कोणी म्हणू शकत नाही, हेही सांगितले. त्यानंतर २०१४ चा कायदा आला. त्यात रोजच्या वापराचा माल विकणारे आणि लोकांना सेवा देणारे येतात. मोटारसायकल हा रोजच्या वापराचा माल, असे म्हणून चारचौघांत उभे राहणे कठीण आहे. गाड्यांचा व्यापारी या कायद्याच्या छत्रीखाली येतो असे आम्हांस वाटत नाही.

मात्र आपले कारागीर येऊ शकतात. फूटपाथच्या कडेला बसून पंक्चर काढणारा, सायकल दुरुस्त करणारा, कुलुपाची किल्ली बनवणारा हा सेवा देणारा आहे. त्याने सर्वेक्षणात नाव नोंदवून विक्री प्रमाणपत्र घेतले असेल तर त्याला हलवण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर यादी द्यावी लागते, आणि नाश न पावणारा माल मागणी केल्यापासून दोन कामाच्या दिवसांत परत करावा लागतो. नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सदस्य स्वतः विक्रेत्यांतून निवडलेले असतात, त्यांत एक तृतीयांश महिला असतात, आणि अल्पसंख्याकांना योग्य प्रतिनिधित्व द्यावे असे कायद्यातच लिहिले आहे. आपले किती कारागीर या निवडणुकीत मतदार म्हणून नोंदलेले आहेत? सर्वेक्षणाच्या दिवशी घरी बसायचे आणि गाडी आल्यावर रडायचे, ही आपली जुनी सवय आहे.

खरा धोका कागदात

आता तिसरा हात, आर.टी.ओ.चा. रस्त्यावरील दंडाने माणूस फार तर महिन्याभराची कमाई घालवतो. या तिसऱ्या प्रकारात घर जाऊ शकते.

रस्त्यावरच्या व्यवहारात काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. गाडी विकणारा आर.सी. बुक आणि कोऱ्या टी.टी. फॉर्मवर सही देऊन पैसे घेऊन जातो. व्यापारी ती गाडी स्वतःच्या नावावर करत नाही, कारण नाव लावले की खर्च वाढतो आणि एक मालक वाढल्याने किंमत उतरते. तो तोच कोरा फॉर्म पुढच्या गिऱ्हाइकाला देतो. गिऱ्हाईक "करू सावकाश" म्हणून फॉर्म पेटीत ठेवते. वर्षानंतर तीच गाडी आणखी कोणाला जाते. कागदावर मालक मात्र पहिलाच.

कायदा वेगळेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे त्याच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवावयाचे असते. फॉर्म २९ त्याचाच आहे. राज्याबाहेर विकली तर ही मुदत पंचेचाळीस दिवसांची आहे, आणि एन.ओ.सी. लागते. घेणाऱ्याने फॉर्म ३० भरून तीस दिवसांत नाव लावून घ्यावयाचे असते. विम्यासाठी कलम १५७ प्रमाणे चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करावयाचा असतो. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीपुरता विमा गाडीबरोबर गेला असे कायदा मानतो. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा करताना नावाचा घोटाळा अंगाशी येतो.

नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती. नोंद मात्र पहिल्याच्या नावावर राहिली. अपघात झाला. भरपाई कोणी द्यावयाची? पहिला म्हणाला, मी केव्हाच विकली. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्याचे नाव आर.टी.ओ.च्या नोंदीत आहे तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. अपघातात सापडलेल्या माणसाने गाडी कोणाकोणाच्या हातात गेली याचा शोध घेत फिरावे, हे न्यायालयाने मान्य केले नाही. आम्हांस तरी हा निकाल रास्त वाटतो.

आमच्या रस्त्यावरही हाच पेच निघाला. पालिकेने उचललेल्या आठ गाड्यांपैकी दोन परगावच्या माणसांच्या नावावर होत्या. गाडी सोडवण्यासाठी मालकाला आणा, असे सांगण्यात आले. एक मालक फोनवर म्हणाला, "मी तर तुला विकून मोकळा झालो, आता कशाला येऊ?" दुसऱ्याला त्याच्या मोबाईलवर चलनाचे संदेश आल्यावर प्रथम कळले की त्याची गाडी अजून त्याचीच आहे. तो चिडून आला आणि भर बाजारात त्या तरुणाला चोर म्हणाला. चोर तो नव्हता, पण त्याच्याजवळ तसे दाखवणारा एकही कागद नव्हता.

१ एप्रिल २०२३ पासून यावर इलाज झाला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी नवे नियम लागू झाले. व्यापारी फॉर्म २९-ए भरून आर.टी.ओ.कडून अधिकारपत्र घेऊ शकतो. ते पाच वर्षे चालते. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९-सी पोर्टलवर भरावयाचा. त्यानंतर त्या गाडीची जबाबदारी व्यापाऱ्याची मानली जाते आणि विकणारा खरोखर मोकळा होतो. नाव लावणे, एन.ओ.सी., दुसरी आर.सी. यांचे अर्ज हा व्यापारी स्वतः करू शकतो. मात्र अशी गाडी त्याला गिऱ्हाइकाला चालवून दाखवणे, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी अशा कामांपुरतीच रस्त्यावर नेता येते, आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते. थोडक्यात, कायद्याने या धंद्याला प्रथमच धंदा म्हणून ओळखले आहे. त्या ओळखीचा फायदा घेणारे आपल्यात फार थोडे दिसतात.

शरीअतच्या दृष्टीने

आम्ही आलिम नाही. तरी प्रत्येक मुसलमान व्यापाऱ्याला ठाऊक असलेल्या दोन गोष्टींची आठवण देतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा एक भाग सांगितला आहे, आणि रस्त्यावर बसणाऱ्यांना रस्त्याचा हक अदा करावयास सांगितले आहे, त्या हकात कोणाला त्रास न देणे हेही आहे. वाटेतला काटा उचलणे जर ईमान असेल, तर वाटेत अकरा हँडल उभे करणे किंवा कटपीसची फळी टाकणे याला काय म्हणावे? दुसरी गोष्ट धान्याच्या ढिगाची. वरून कोरडे आणि आतून ओले धान्य पाहून प्रेषितांनी (स.) त्या व्यापाऱ्याला फसवणुकीबद्दल सक्त ताकीद दिली. मीटर मागे फिरवलेली, अपघाताचा चेसिस रंगाखाली लपवलेली गाडी ही त्याच ढिगासारखी आहे. ऐब सांगून विकावे, म्हणजे कमाईत बरकत राहते.

इस्लामी राजवटीत बाजारावर देखरेख करणारा मुहतसिब असे. इमाम मावर्दी यांनी अकराव्या शतकात 'अल-अहकामुस्सुल्तानिया' या ग्रंथात त्याची कामे सांगितली. मापे तपासणे, फसवणूक रोखणे यांबरोबर रस्ता अडवणाऱ्याला हटवणे हेही त्यात होते. म्हणजे अतिक्रमण पथक ही काही फक्त आपल्यासाठी काढलेली नवी गोष्ट नव्हे.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुहतसिबाकडून अपेक्षा अशी की त्याने सर्वांना एकाच मापाने मोजावे. मोठ्या रस्त्यावर नव्या गाड्यांच्या शोरूमपुढे फूटपाथवर मोटारसायकली ओळीने उभ्या असतात, मंडप घालून मेळावे होतात. तेथे पथक किती वेळा जाते? वस्तीतील गॅरेजवाल्याची पान्ह्यांची पेटी मात्र लगेच उचलली जाते. हा भेद जेथे दिसेल तेथे तारीख, जागा आणि फोटोसह लेखी तक्रार करावी, पोच घ्यावी, आणि कारवाईच्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागाव्यात. पण ही तक्रार करण्यासाठी आधी आपली फळी आत असली पाहिजे.

मग जागा कोठे?

"मी जाऊ कुठे?" हा त्या तरुणाचा प्रश्न शिल्लक राहतो. कायदा सांगून पोट भरत नाही.

जप्तीनंतर आठ दिवसांनी बाजारातील आम्ही सात-आठ दुकानदार आणि गाड्यांचा धंदा करणारे सहा जण इशाच्या नमाजनंतर बसलो. सुरुवातीला आवाज चढले. कोणी अर्ज दिला याचीच चौकशी चालू झाली. आम्ही एवढेच म्हणालो की अर्ज आम्ही दिला नाही, पण आमची फळी आम्ही आजपासून आत घेतली आहे. दुसऱ्या कोणाला बोलावयाचे असेल तर त्याने आपली पायरी पाहून बोलावे. त्यानंतर आवाज उतरले.

आमचे गाव यंत्रमागाचे. मंदीत बंद पडलेले कारखाने आणि सायझिंगची आवारे अनेक गावांत कुलुपात पडून आहेत. त्यांतील एक आवार बाजारापासून दहा मिनिटांच्या वाटेवर होते. हिशेब असा मांडला. मोटारसायकल साधारण दोन मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद. फिरण्याची वाट धरून एका गाडीस अडीच चौरस मीटर पकडले तर चाळीस गाड्यांस शंभर चौरस मीटर, म्हणजे सुमारे अकराशे चौरस फूट पुरते. समजा, भाडे महिना वीस हजार. तर एका गाडीवर महिन्यास पाचशे रुपये पडले. एका वेळच्या दंडात आणि टोइंगमध्ये याहून अधिक जाते, आणि बॅटरी जाते ती वेगळी.

सहापैकी चौघे तयार झाले. दोघे म्हणाले, आतल्या बाजूला गिऱ्हाईक येणार नाही. त्यांचे म्हणणे पहिले तीन महिने खरे ठरले. विक्री उतरली. आमचा शेजारी एकदा म्हणाला, "चाचा, तुमच्या सल्ल्याने बुडालो." ते ऐकून रात्री झोप आली नाही. हळूहळू फिटर आणि पेंटर त्याच आवारात आले. गाडी पाहा, मिस्त्रीला दाखवा, कागद तेथेच भरा, अशी सोय झाल्यावर लोक येऊ लागले. जे दोघे रस्त्यावर राहिले ते अजून रस्त्यावरच आहेत, आणि पथक आले की पळतात.

याहून मोठा उपाय पालिका आणि बाजार समित्यांच्या हातात आहे. आपल्याकडे जनावरांचा आठवडी बाजार भरतो. तेथे बैल विकला तर ठरलेली जागा असते, फी असते आणि घेणाऱ्याला पावती मिळते. बैलाला जी इज्जत आहे ती जुन्या मोटारसायकलला का नसावी? पालिकेच्या मोकळ्या मैदानावर आठवड्यातून एक दिवस वाहन बाजार भरवावा, जागेची फी घ्यावी, आणि गाडीचे मूळ कागद पाहूनच आत घ्यावे, असा लेखी प्रस्ताव व्यापाऱ्यांनी संघटित होऊन द्यावा. पालिकेला उत्पन्न, पोलिसांना चोरीच्या गाड्यांवर नजर, व्यापाऱ्याला इज्जत.

तोपर्यंत प्रत्येकाने आपल्यापुरते एवढे करावे. घरची गाडी विकावयाची असेल तर ती आपल्या आवारात किंवा परवानगीच्या पार्किंगमध्ये उभी करावी. कोऱ्या टी.टी. फॉर्मवर सही करू नये. तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचे नाव लिहूनच सही करावी, आणि चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवल्याची पोच जपून ठेवावी. कर्जाची गाडी असेल तर फॉर्म ३५ वर बँकेची सही घेऊन बोजा उतरवल्याशिवाय व्यवहार पुरा समजू नये. धंदा करणाऱ्यांनी अधिकारपत्र घ्यावे. कारागिरांनी पथविक्रेता सर्वेक्षणात नाव लावावे. आणि आम्हां दुकानदारांनी आपला माल उंबरठ्याच्या आत घ्यावा.

आमच्या दुकानाबाहेर आता फळी नाही. पहिल्या ईदला विक्री थोडी कमी झाली, हे खरे. पण ज्यांचा बुरखा त्या दिवशी फाटला होता त्या म्हाताऱ्या बाई परवा आल्या, सरळ चालत आत आल्या आणि म्हणाल्या, "अब आने को रास्ता हुआ." अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि ती दुसऱ्याची वाट अडवून मिळवण्यापासून आपल्याला वाचवो. आमीन.